पॉल गोमा: वाचक पुन्हापुन्हा विचारतात ते प्रश्न

रोमानियन कादंबरीकार पॉल गोमाबद्दल वाचकांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधी ओळख आहे, पुढे अडचणीचे मुद्दे येतात. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. रोमानियन नावं जमेल तितकी तिथल्या उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

१. पॉल गोमा कोण? दोन-चार वाक्यांत सांगाल का?

रोमानियन कादंबरीकार. जन्म २ ऑक्टोबर १९३५, मृत्यू मार्च २०२० मध्ये पॅरिसला. निकोलाय चाउशेस्कूच्या कम्युनिस्ट राजवटीत, १९७७ च्या सुरुवातीला, त्याने मानवी हक्कांची मागणी करणारं पत्र उघडपणे स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केलं आणि इतरांना सह्या करायला बोलावलं. त्याआधी त्याने तुरुंग, सक्तीचं वास्तव्य आणि लेखनबंदी भोगली होती. त्यानंतर अटक झाली, मारहाण झाली, देश सोडावा लागला आणि पॅरिसमध्येही त्याच्या जिवावर उठलेली माणसं मागे लागली. त्याने आयुष्यभर रोमानियन भाषेत लिहिलं, पण त्याची महत्त्वाची पुस्तकं वाचकांसमोर आधी आली ती जर्मन आणि फ्रेंच अनुवादांतून.

२. तो रोमानियाचा की मोल्दोवाचा? दोन्ही ठिकाणी त्याचं नाव दिसतं.

दोन्ही खरं आहे. त्याचं गाव माना, ओर्हेई जिल्ह्यातलं. हा भाग म्हणजे बेसाराबिया. १९३५ मध्ये तो रोमानियात होता, आज मोल्दोवा प्रजासत्ताकात आहे. जून १९४० मध्ये सोव्हिएत युनियनने निर्वाणीचा इशारा देऊन बेसाराबिया ताब्यात घेतला. १९४१ मध्ये रोमानियाने तो परत मिळवला आणि १९४४ मध्ये पुन्हा गमावला.

गोमाचे आईवडील दोघंही गावच्या शाळेत शिक्षक होते. जानेवारी १९४१ मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी वडिलांना उचललं आणि सैबेरियात पाठवलं. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. १९४३ मध्ये वडील सापडले ते रोमानियातल्याच एका छावणीत, सोव्हिएत युद्धकैद्यांमध्ये! १९४४ च्या वसंतात लाल सैन्य जवळ आलं तसं कुटुंब पश्चिमेला ट्रान्सिल्वेनियात पळालं. तिथेही स्वस्थता नव्हती. बेसाराबियातल्या निर्वासितांना सोव्हिएत युनियनकडे परत सोपवायची मोहीम सुरू झाली आणि हे तिघं रानात लपून राहिले. शेवटी पकडले गेले. वडिलांनी खोटी कागदपत्रं तयार केली म्हणूनच ते रोमानियात राहू शकले.

हा भाग मी मुद्दाम जरा लांबवला. गोमाचं पुढचं सगळं वागणं, त्यातला हट्ट आणि त्यातला कडवटपणाही, या चार वर्षांत रुजलेला आहे. प्रश्न १७ वाचताना तो लक्षात ठेवावा लागतो.

३. तो पहिल्यांदा तुरुंगात कशामुळे गेला?

एका वर्गात केलेल्या वाचनामुळे. शाळेत असतानाच, १९५२ मध्ये, डोंगरात लपून राजवटीशी लढणाऱ्यांबद्दल सहानुभूतीने बोलल्यामुळे त्याला सिबिऊच्या शाळेतून काढलं होतं. पुढे बुखारेस्टला तो साहित्याचा विद्यार्थी झाला. १९५६ च्या शरदात शेजारच्या हंगेरीत उठाव झाला आणि सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. रोमानियातल्या विद्यापीठांमध्येही खळबळ होती. नोव्हेंबरमध्ये गोमाने वर्गात आपल्या कादंबरीतला एक तुकडा वाचून दाखवला. त्यातला विद्यार्थी नायक कम्युनिस्ट युवक संघटनेचं सदस्यत्वाचं कार्ड परत करतो. एवढं पुरेसं होतं. त्याला अटक झाली आणि दोन वर्षांची शिक्षा मिळाली. ती त्याने झिलावा आणि घेर्ला या तुरुंगांत काढली.

झिलावा हा बुखारेस्टजवळचा जमिनीखालचा जुना किल्ला, घेर्ला ट्रान्सिल्वेनियातला तुरुंग. घेर्लाच्या मारहाणीवर त्याने पुढे त्याच नावाचं पुस्तक लिहिलं. ते १९७६ मध्ये पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने फ्रेंचमध्ये काढलं.

४. दोन वर्षांची शिक्षा होती, मग तो १९६३ पर्यंत अडकून कसा राहिला?

राजकीय कैद्याची शिक्षा संपली म्हणजे तो सुटला असं नसायचं. प्रशासकीय हुकमाने त्याला ठरावीक गावात 'सक्तीच्या वास्तव्याला' पाठवता येई. खटला नाही, न्यायाधीश नाही, आणि मुदत संपली की ती वाढवता येते.

गोमाला लतेश्त नावाच्या वस्तीत ठेवलं. ही वस्ती बरगानच्या मैदानात होती. झाड नाही, आडोसा नाही, उन्हाळ्यात रखरखाट आणि हिवाळ्यात थेट अंगावर येणारा वारा. जून १९५१ मध्ये युगोस्लाव्हियाच्या सीमेलगतच्या भागातून चाळीस हजारांहून अधिक माणसं गाड्यांत भरून या मैदानात आणून टाकली होती. त्यांनी स्वतःच्या हातांनी मातीची घरं बांधली. ती माणसं १९५६ च्या सुमारास परत गेली आणि रिकाम्या घरांत तुरुंगातून सुटलेले राजकीय कैदी आले. गोमा तिथे १९६३ पर्यंत होता. तेविसाव्या वर्षी गेला, अठ्ठाविसाव्या वर्षी बाहेर आला.

५. इतकं सगळं भोगून तो १९६८ मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेला, हे खरं आहे का?

खरं आहे. हा प्रश्न बहुतेक जण 'पकडलं बघा' अशा सुरात विचारतात, म्हणून तारखा नीट बघू.

२१ ऑगस्ट १९६८ ला वॉर्सा करारातल्या, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी करारातल्या, फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. रोमानिया त्या कराराचा सदस्य होता, पण त्याने सैन्य पाठवलं नाही. त्याच दिवशी चाउशेस्कूने बुखारेस्टमध्ये बाल्कनीतून भाषण करून या आक्रमणाचा जाहीर निषेध केला. आता सोव्हिएत फौजा आपल्याकडेही वळतील असं लोकांना खरोखर वाटत होतं. ज्या मुलाच्या बापाला सोव्हिएत पोलिसांनी नेलं होतं, त्याला त्या क्षणी देशाच्या बाजूने उभं राहावंसं वाटलं यात मला विसंगती दिसत नाही. त्या दिवसांत पक्षात गेलेला तो एकटा लेखक नव्हता. १९५६ मध्ये त्याच्यासारखाच पकडला गेलेला कादंबरीकार आलेक्सांद्रू इवास्यूकही त्यात होता.

भ्रम फार टिकला नाही. तीनच वर्षांत पक्षाने गोमाला बाहेर काढलं. त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

६. त्याची पुस्तकं रोमानियात का छापली गेली नाहीत?

एक छापलं गेलं. १९६८ मध्ये, वातावरण थोडं सैल असताना, त्याचा कथासंग्रह बुखारेस्टला निघाला. त्यानंतर त्याने 'ओस्तिनातो' ही तुरुंगातल्या कैद्यांवरची कादंबरी दिली आणि ती अडकली. एका पात्रात सेन्सॉरना एलेना चाउशेस्कू, म्हणजे खुद्द नेत्याची बायको, दिसली. गोमाने बदल केले, पुन्हा दिली, पुन्हा अडकली. शेवटी त्याने हस्तलिखित देशाबाहेर पाठवलं.

१९७१ मध्ये जर्मनीतल्या सुरकाम्प प्रकाशनाने 'ओस्तिनातो' छापून फ्रँकफर्टच्या पुस्तकमेळ्यात मांडली. निषेध म्हणून रोमानियाचं अधिकृत शिष्टमंडळ मेळा सोडून गेलं. एका कादंबरीसाठी एका देशाने आपला मांडव सोडून जाणं ही मोठी बातमी होती, आणि ज्याचं नाव दाबायचं होतं ते त्यामुळेच युरोपभर पोहोचलं. त्याच वर्षी फ्रेंच आवृत्तीही आली. देशात मात्र गोमाचं नाव छापणं बंद झालं.

१९७२-७३ मध्ये त्याला फ्रान्सला जायची परवानगी मिळाली. तो तिथेच राहील आणि आपली डोकेदुखी संपेल अशी सरकारची अपेक्षा असावी. तो परत आला.

७. सेन्सॉरचं काम चालायचं कसं? प्रत्येक ओळ तपासायचे का?

१९७७ पर्यंत छापील मजकूर आधी तपासणारं स्वतंत्र सरकारी खातं होतं. जुलै १९७१ मध्ये, चीन आणि उत्तर कोरियाच्या दौऱ्यावरून परतल्यावर, चाउशेस्कूने 'जुलै प्रबंध' म्हणून ओळखलं जाणारं धोरण जाहीर केलं आणि साठच्या दशकात मिळालेली थोडीफार मोकळीक आवळली गेली.

१९७७ मध्ये सेन्सॉर खातं अधिकृतपणे रद्द झालं. जबाबदारी संपादकांवर, प्रकाशनगृहांवर आणि शेवटी लेखकावरच आली. आधी एका माणसाची भीती होती, आता प्रत्येक माणूस दुसऱ्याच्या वाटणीची काळजी घेऊ लागला. माझ्या मते ही पद्धत आधीच्यापेक्षा जास्त घातक होती, कारण खोडलेल्या ओळीला निदान कागदावर पुरावा असतो, न लिहिलेल्या ओळीला नसतो.

टाइपरायटरबद्दल अनेक जण विचारतात. हो, १९८३ च्या हुकमाने प्रत्येक टाइपरायटरची पोलिसांकडे नोंद सक्तीची झाली आणि दरवर्षी त्यावर टाइप केलेला नमुना जमा करावा लागे, म्हणजे निनावी पत्रक सापडलं तर यंत्र ओळखता यावं. गोमा तोपर्यंत देशाबाहेर होता.

८. १९७७ मध्ये नेमकं काय घडलं? सगळे 'गोमा चळवळ' म्हणतात, पण तपशील कुठे सापडत नाही.

जानेवारी १९७७ मध्ये प्रागच्या लेखक-विचारवंतांनी 'चार्टर ७७' प्रसिद्ध केलं. त्यांची मागणी साधी होती. १९७५ मध्ये हेलसिंकीला पस्तीस देशांनी ज्या करारावर सही केली, त्यात मानवी हक्कांची वचनं आहेत, ती पाळा. रोमानियानेही त्या करारावर सही केली होती.

गोमाने बुखारेस्टमधल्या ओळखीच्या लेखकांना सुचवलं की आपण प्रागच्या लोकांना पाठिंब्याचं पत्र लिहू. कोणी तयार झालं नाही. मग त्याने चेक लेखक पावेल कोहाउटला एकट्याच्या सहीने पत्र पाठवलं.

पुढचं पत्र त्याने थेट चाउशेस्कूला लिहिलं. तुम्हीही या पाठिंब्यावर सही करा, असं त्यात आवाहन होतं. युक्तिवाद असा होता की देशात सेकुरितातेला, म्हणजे गुप्त पोलिसांना, न घाबरणारे दोनच जण आहेत, एक तुम्ही आणि दुसरा मी. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या बाजूने बोललेल्या माणसाला त्याने त्याच्याच शब्दांवर उभं केलं. यात धाडस आहेच, पण नेमकेपणाही आहे, आणि त्याकडे मात्र फार जण लक्ष देत नाहीत.

तिसरं पत्र खरं महत्त्वाचं. ते बेलग्रेडला होणार असलेल्या, हेलसिंकी कराराचा आढावा घेणाऱ्या परिषदेला उद्देशून होतं. रोमानियाच्या स्वतःच्या राज्यघटनेत लिहिलेले हक्कही इथे मिळत नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. सुरुवातीला गोमा, त्याची बायको आणि आणखी मोजकी माणसं एवढ्याच सह्या होत्या. पत्र परदेशी रेडिओवरून वाचलं गेलं (प्रश्न ९) आणि लोक बुखारेस्टच्या द्रुमुल ताबेरेई भागातल्या त्याच्या फ्लॅटवर यायला लागले. बाहेर पोलीस उभे, टेलिफोन तोडलेला, आत जाणाऱ्याचं ओळखपत्र तपासलं जातंय, तरी येत होते. सह्यांचा आकडा दोनशेच्या आसपास गेला.

प्राग किंवा वॉर्साच्या मानाने दोनशे हा आकडा छोटा वाटेल. पण रोमानियातली राजवट ज्या एका गोष्टीवर उभी होती ती म्हणजे 'मला एकट्यालाच असं वाटतं' ही प्रत्येकाची समजूत. कुजबुज तिला चालत होती, कारण कुजबुजीला नाव नसतं. गोमाने नाव आणि सही मागितली. एकाचं नाव दुसऱ्याने रेडिओवर ऐकलं की ती समजूत मोडत होती. त्याच्या कादंबऱ्यांइतकंच, कदाचित त्याहून जास्त, हे त्याचं काम आहे असं मला वाटतं.

त्यातच ४ मार्च १९७७ च्या रात्री भूकंप झाला. दीड हजारांहून अधिक माणसं मेली, त्यातली बहुतेक बुखारेस्टमध्ये. इवास्यूकही (प्रश्न ५) त्यात गेला. शहर ढिगारे उपसत होतं, परदेशी पत्रकारांचं लक्ष तिकडे होतं, आणि सेकुरितातेला हवा तो वेळ मिळाला. गोमाने या दिवसांवर लिहिलेल्या पुस्तकाच्या फ्रेंच आवृत्तीचं नावच 'माणसांचा भूकंप' अशा अर्थाचं आहे.

९. यात रेडिओ फ्री युरोपचा काय संबंध?

त्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं. म्युनिकहून चालणारं हे केंद्र अमेरिकी पैशांवर उभं होतं आणि रोमानियात ते चोरून पण सर्रास ऐकलं जायचं. देशातल्या वर्तमानपत्रांत गोमाच्या पत्राची एक ओळ येणं शक्य नव्हतं. लोकांना ते कळलं रात्री आवाज बारीक करून लावलेल्या रेडिओवरून.

पॅरिसहून या केंद्रासाठी साहित्यावर बोलणारी मोनिका लोविनेस्कू आणि तिचा नवरा विर्जिल येरुंका ही दोन नावं लक्षात ठेवावीत. लोविनेस्कूची आई रोमानियाच्या तुरुंगात मेली होती. नोव्हेंबर १९७७ मध्ये, गोमा पॅरिसला पोहोचायच्या दोनच दिवस आधी, लोविनेस्कूवर तिच्या घरासमोर हल्ला झाला आणि बेशुद्ध होईपर्यंत तिला मारलं.

१०. सह्या करणाऱ्यांपैकी बरेच जण फक्त पासपोर्टसाठी आले होते ना? मग ती चळवळ कशी?

बरेच जण त्यासाठी आले होते हे खरं. सही केली की सरकार कटकट नको म्हणून देशाबाहेर जाऊ देतं अशी बातमी पसरली आणि 'गोमा पासपोर्ट' हा शब्दच रूढ झाला. गोमालाही ते माहीत होतं.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, देश सोडायचा हक्क हेलसिंकी करारातल्या वचनांशीच जोडलेला आहे. तो मागणं म्हणजे मानवी हक्क मागणंच. दुसरी, सही करताना पासपोर्ट मिळेल की कोठडी, हे कोणालाच माहीत नव्हतं. वासिले पारास्कीव हा कामगार स्वतंत्र कामगार संघटनेची मागणी करत होता आणि त्यासाठी त्याला मानसिक रुग्णालयात डांबण्यात आलं होतं. त्यानेही या पत्राला पाठिंबा दिला. त्याला देश सोडायचा नव्हता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झिउ खोऱ्यातल्या हजारो कोळसा खाणकामगारांनी संप केला आणि चाउशेस्कूला स्वतः तिथे यावं लागलं. त्यांचा आणि गोमाचा थेट संबंध नव्हता. पण १९७७ साली रोमानिया गप्प होता असं म्हणणाऱ्याने ही दोन्ही उदाहरणं बघावीत.

११. बाकीचे लेखक कुठे होते?

नावाजलेल्यांपैकी दोघं उघडपणे पुढे आले. समीक्षक इयोन नेगोइत्सेस्कू आणि मनोविकारतज्ज्ञ-लेखक इयोन व्हियानू. व्हियानूने मनोरुग्णालयांचा राजकीय वापर होतो याविरुद्ध आवाज उठवला होता. तो पुढे स्वित्झर्लंडला गेला. नेगोइत्सेस्कूला ताब्यात घेऊन त्याच्या समलैंगिकतेवरून खटला भरण्याची भीती दाखवली. तेव्हा तो कायद्याने गुन्हा होता. त्याला माघारीचा लेख लिहावा लागला. मी त्याला दोष देऊ शकत नाही.

इतर गप्प राहिले, त्याला फक्त भीती हे कारण नव्हतं. लेखक संघाकडे कर्ज देणारा निधी होता, लिहायला जाऊन राहण्याची निवासस्थानं होती, घर मिळण्यात त्याचा शब्द चालायचा. पुस्तक निघणं न निघणं त्याच वर्तुळात ठरायचं. आपण चांगलं लिहीत राहणं हाच प्रतिकार, असं अनेकांनी स्वतःला समजावलं, आणि त्यातल्या काहींनी खरोखर चांगलं लिहिलंही. गोमाला हा युक्तिवाद कधीच पटला नाही आणि त्याने पुढे अशा लोकांवर फार कठोर लिहिलं. इथे मी गोमाच्या बाजूने पूर्ण नाही. सही न करणारा आणि गोमाला लेखक संघातून काढण्याच्या बाजूने हात वर करणारा, हे दोघं एक नव्हेत. त्याच्या लिखाणात बऱ्याचदा ते एक होतात.

१२. अटकेत त्याचं काय झालं, आणि महिनाभरात सोडलं कसं?

अटकेआधीच मारहाण सुरू झाली होती. एका माजी बॉक्सरला त्याच्या घरी पाठवून त्याला मारलं गेलं. १ एप्रिल १९७७ ला अटक झाली. सेकुरितातेचा जनरल निकोलाय प्लेशित्स त्याची चौकशी करत होता. त्याने गोमाला दाढी धरून ओढलं, मारलं. सेकुरितातेच्या कागदांत गोमाचं टोपणनाव 'दाढीवाला' असंच होतं. तो कोठडीत असतानाच लेखक संघाने त्याला काढून टाकलं.

६ मे ला सुटका झाली. त्यामागे बाहेरचा दबाव होता. पॅरिसमध्ये युजीन आयनेस्कोसारखा मूळचा रोमानियन, जगभर नाव असलेला नाटककार त्याच्यासाठी उभा राहिला. शिवाय हिशेबही होता. १९७५ पासून अमेरिकेने रोमानियाला व्यापारात खास सवलतीचा दर्जा दिला होता आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हायचं. बेलग्रेडची परिषदही तोंडावर होती. तुरुंगातला लेखक त्या वर्षी महाग पडत होता. म्हणून त्याला काम न देता, पाळत ठेवून, बाहेर ढकलायचं ठरलं. २० नोव्हेंबर १९७७ ला तो बायको आणि लहान मुलासह पॅरिसला पोहोचला. पुढे त्याचं रोमानियन नागरिकत्व काढून घेतलं गेलं.

१३. पॅरिसमध्ये त्याला मारण्याचे प्रयत्न झाले हे दंतकथा आहे की खरं?

खरं. दोन प्रकरणं वेगळी ठेवा, लोक त्यांची गल्लत करतात.

फेब्रुवारी १९८१ मध्ये गोमाला पुस्तकाच्या आकाराचं पार्सल आलं, आत बॉम्ब होता. तो त्यातून वाचला. तसंच पार्सल पॅरिसमध्येच राहणाऱ्या निकोलाय पेनेस्कू या रोमानियाच्या माजी गृहमंत्र्याला आलं, तो जखमी झाला. त्याच महिन्याच्या २१ तारखेला म्युनिकच्या रेडिओ फ्री युरोपच्या इमारतीत स्फोट झाला. 'कार्लोस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दहशतवाद्याचा गट आणि सेकुरिताते यांचे धागे या हल्ल्यांमागे जोडले जातात.

दुसरं प्रकरण १९८२ चं. मातेई हायदुकू हा फ्रान्समधला सेकुरितातेचा हेर. त्याला गोमा आणि कादंबरीकार विर्जिल तनासे या दोघांना संपवायचा हुकूम आला. तनासेने त्याच वर्षी एका फ्रेंच मासिकात चाउशेस्कूवर जहाल लेख लिहिला होता. हायदुकू फ्रेंच गुप्तचरांना शरण गेला. मग दोघांच्या बाबतीत नाटक रचलं गेलं. एका समारंभात गोमाच्या पेल्यात विष टाकायचं, आणि फ्रेंच माणसाने धक्का लागल्यासारखं करून पेला सांडायचा. तनासेचं भर रस्त्यातून 'अपहरण' झालं. लेखक गायब झाल्याची बातमी पसरली आणि फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांनी रोमानियाचा ठरलेला दौरा रद्द केला. ऑगस्टच्या अखेरीस सगळं जाहीर करण्यात आलं.

१४. तो पितेश्तच्या तुरुंगात नव्हता. मग त्यावर कादंबरी कशी लिहिली?

बरोबर, नव्हता. १९४९ ते १९५१ या काळात पितेश्तच्या तुरुंगात विद्यार्थी कैद्यांना एकमेकांचा छळ करायला लावलं गेलं. छळ सोसणाऱ्याला पुढे छळ करणारा बनवायचं, म्हणजे कोणीच निर्दोष उरत नाही, अशी ती रचना होती. त्याचं नाव 'पुनर्शिक्षण'. यातला मुख्य हस्तक युजेन त्सुरकानू स्वतः कैदी होता, आणि १९५४ मध्ये राजवटीने त्यालाच मृत्युदंड देऊन हात झटकले.

गोमाला हे सगळं कळलं ते घेर्लामध्ये आणि लतेश्तमध्ये भेटलेल्या माणसांकडून. त्यावरची त्याची कादंबरी १९८१ मध्ये फ्रेंचमध्ये आली. काही वाचक तिला साक्ष म्हणून वाचतात आणि तपशिलांवरून वाद घालतात. ती कादंबरी आहे. तिच्यातला सांगणारा विश्वासार्ह नाही, त्याची वाक्यं तुटतात, तो मागे जातो, पुन्हा तेच सांगतो. छळ झालेल्या माणसाला सरळ सांगता येत नाही हे तिच्या बांधणीतच आहे.

१५. हेर्ता म्युलर आणि आना ब्लांदियाना याच गटातल्या का?

गट असा नव्हता. लेखिका म्युलर रोमानियातल्या जर्मन भाषक अल्पसंख्याकांपैकी. ती १९८७ मध्ये पश्चिम जर्मनीला गेली, २००९ मध्ये तिला नोबेल मिळालं. कवयित्री ब्लांदियाना देशातच राहिली. १९८४ मध्ये तिच्या काही कविता एका विद्यार्थी मासिकात छापल्या गेल्या आणि त्या हाताने उतरवून देशभर फिरल्या. पुढे मुलांसाठी लिहिलेल्या तिच्या बोक्याच्या कवितेत लोकांना चाउशेस्कू दिसला आणि तिच्यावर बंदी आली. दोघींनी कवितेतून, कथेतून बोलायची वाट धरली. गोमाने लिखाणाच्या बरोबरीने सह्यांचं पत्र हातात घेतलं, हा फरक.

१६. आधी काय वाचावं?

इंग्रजी वाचत असाल तर बालपणावरचं पुस्तक. रोमानियन नाव 'दिन कालिदोर', फ्रेंचमध्ये १९८७ ला आणि इंग्रजीत १९९० ला आलं. मानातल्या घराच्या ओसरीवरून एक लहान मुलगा जग बघतो: येणाऱ्या फौजा, जाणाऱ्या फौजा, बापाला नेणारे लोक. त्यात रागापेक्षा माया जास्त आहे, आणि गोमाच्या बाबतीत ते दुर्मीळ आहे. फ्रेंच येत असेल तर त्यानंतर 'घेर्ला'. पितेश्तची कादंबरी सगळ्यात शेवटी, आणि सलग बसून वाचू नका.

१७. १९८९ नंतर तो परत का गेला नाही? आणि त्याच्यावरचा ज्यूद्वेषाचा आरोप खरा आहे का?

हे दोन प्रश्न वेगवेगळे येतात, पण उत्तर एकत्रच द्यावं लागतं.

चाउशेस्कू डिसेंबर १९८९ मध्ये गेला. गोमाची पुस्तकं देशात निघू लागली. तो मात्र पॅरिसमध्ये निर्वासित म्हणूनच राहिला. ज्या राज्याने नागरिकत्व काढून घेतलं त्याने ते आपणहून परत द्यावं, मी अर्ज करणार नाही, ही त्याची भूमिका होती. जुने सेकुरिताते अधिकारी नव्या व्यवस्थेत सुखात असताना ही मागणी अवाजवी होती असं मी म्हणणार नाही. पण त्याच काळात छापलेल्या रोजनिशींमध्ये त्याने जवळजवळ सगळ्या जुन्या मित्रांवर, ज्यांनी त्याच्यासाठी झीज सोसली त्यांच्यावरही, जहरी लिहिलं. तो एकटा पडत गेला.

मग जून १९४० मधल्या बेसाराबियावरचं त्याचं पुस्तक आलं, 'लाल आठवडा' अशा अर्थाच्या नावाचं. सोव्हिएत फौजा आल्या तेव्हा माघार घेणाऱ्या रोमानियन सैनिकांशी आणि नागरिकांशी ज्यू कसे वागले, याचं चित्र रंगवून नंतर झालेल्या ज्यूंच्या कत्तलींचं कारण तो तिथे शोधतो. हे इतिहास म्हणून टिकत नाही आणि नीती म्हणूनही नाही. जून १९४१ मध्ये याशी शहरात हजारो ज्यू मारले गेले. एली विझेल यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००४ मध्ये नोंदवलं की रोमानियाच्या ताब्यातल्या प्रदेशांत २,८०,००० ते ३,८०,००० ज्यूंचा बळी गेला. युद्धकाळातला रोमानियन हुकूमशहा आंतोनेस्कू याच्या राजवटीची ही योजनाबद्ध हत्या होती. बाळं, म्हाताऱ्या बायका, बेसाराबिया कधी पाहिलंही नाही अशी माणसं त्यात होती. कोणत्याही आठवड्यातल्या कोणत्याही प्रसंगाने त्याचा खुलासा होत नाही. गोमाने आरोप नाकारला आणि आरोप करणाऱ्यांशी भांडत राहिला, पण पुस्तकातली मांडणी समोर आहे आणि ती ज्यूद्वेषाची आहे.

२००६ मध्ये आणखी एक प्रसंग घडला. कम्युनिस्ट हुकूमशाहीचा अभ्यास करण्यासाठी राष्ट्राध्यक्ष बसेस्कू यांनी व्लादिमिर तिस्मनियानू यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्यात गोमाचं नाव आधी होतं, नंतर काढलं गेलं. त्या राजवटीविरुद्ध सगळ्यात आधी उभा राहिलेला लेखक तिच्या अधिकृत निषेधात नव्हता.

काही वाचक लिहितात की 'लाल आठवडा' विसरून जाऊ, १९७७ आठवू. काही उलट लिहितात. मी दोन्ही करत नाही. वडिलांना उचललेल्या त्या मुलाला दुःखाचं कारण हवं होतं हे समजतं. त्याने ते दुसऱ्या बळींमध्ये शोधलं हे माफ करता येत नाही. १९७७ च्या सह्यांमुळे ते पुस्तक धुतलं जात नाही आणि त्या पुस्तकामुळे सह्या खोट्या ठरत नाहीत. २०२० च्या मार्चमध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, तो पॅरिसच्या रुग्णालयात वारला तेव्हा रोमानियातले मृत्युलेखही असेच दोन तुकड्यांत वाटलेले होते. 'दिन कालिदोर'मधलं १९४० आणि 'लाल आठवडा'मधलं १९४० शेजारी ठेवून वाचा. एकाच माणसाने, एकाच उन्हाळ्याबद्दल लिहिलेली ही दोन पुस्तकं आहेत, आणि विझेल आयोगाचा अहवाल तिसरा म्हणून जवळ असू द्या.